पखवाजाची कणीक, ढोलकीचा डावा हात आणि दहा बाय दहाच्या खोलीतला सबवूफर

सुरुवातीलाच एक विनंती. हा भाग ऐकताना शक्यतो इअरफोन लावा. फोनच्या स्पीकरवर ऐकलात तर मधे मी वाजवून दाखवलेले दोन तुकडे तुम्हाला ऐकूच येणार नाहीत. तुमच्या कानात काही बिघाड नाही, तुमच्या फोनला ते वाजवताच येत नाहीत. आणि आजचा विषय नेमका तोच आहे. जे हा भाग ऐकण्याऐवजी इथे वाचतायत, त्यांची मात्र सुटका.

झालं असं, की जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगाव अशा ठिकाणांहून तीन-चार जणांनी थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारला. घरात एक लहान खोली आहे, दहा बाय दहा, फार तर दहा बाय बारा. तिथे बसून नीट गाणी ऐकायची आहेत. छोटा सबवूफर घ्यायचाय, कुठला घेऊ? मॉडेलचं नाव सांगून दोन मिनिटांत मोकळं होता आलं असतं. पण आपला कार्यक्रम इतिहासाचा आहे आणि या प्रश्नाला चांगला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यातला निम्मा तर तुमच्याच गावात, सप्ताहाच्या मांडवात, तुमच्या डोळ्यांसमोर घडत असतो.

तिथूनच सुरू करू. ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची. त्यामुळे या पट्ट्यात हरिनाम सप्ताह पाहिला नाही असा माणूस सापडणं कठीण. भजन सुरू व्हायच्या आधी पखवाजवाला काय करतो, ते आठवा. कणकेचा ओला गोळा घेतो आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावर, मधोमध, थापतो. एक थाप मारून बघतो. थोडी कणीक काढतो, थोडी लावतो, पुन्हा थाप. मनासारखा ‘धूम’ निघाला की मग टाळकऱ्यांकडे बघतो. लहानपणी आम्हाला त्या कणकेचं भारी कुतूहल. भजन संपल्यावर ती खरवडून काढायचं काम मिळावं म्हणून आमची भांडणं व्हायची.

ती कणीक करते काय? चामड्याचं वजन वाढवते. ताणलेली कुठलीही गोष्ट जड केली की ती सावकाश हलते, आणि सावकाश हलली की स्वर खाली येतो. पखवाजाचं खोड तर माणसाच्या मांडीवर मावेल एवढंच. तेवढ्या लाकडातून ढोलाइतका खोल आवाज काढायचा, तर आकार वाढवता येत नाही, मग वजन वाढवा. पण याची किंमत मोजावी लागते. जड झालेलं चामडं हलवायला जोर लागतो. म्हणून उजव्या तोंडावर बोटं नाचतात आणि डाव्यावर पूर्ण पंजा पडतो. लहान आकार, खोल आवाज आणि त्यासाठी जास्तीचा जोर. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे अमेरिकेत पुन्हा भेटतील.

आपल्या तालवाद्यांवर लावलेल्या लेपांचा शास्त्रीय अभ्यास सी. व्ही. रामन यांनी केला होता. नोबेल मिळायच्या दहा वर्षं आधी, १९२० साली, एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात त्यावर टिपण लिहिलं. साध्या डफासारख्या चामड्यातून निघणारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, पण मृदंग-तबल्याच्या उजव्या तोंडावर शाईचं वजन नेमकं बसवलं की ते जुळतात आणि तालवाद्य चक्क सुरात बोलतं, असं त्यांनी दाखवलं. शाई उजव्या तोंडाला सुरेल करते, कणीक डाव्याला खोल करते. दोन्हीकडे युक्ती तीच, योग्य जागी योग्य वजन.

आता नारायणगावला येऊ. नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात हे तुम्हाला माहीत असेलच. गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला तिथे येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. त्या २००२ साली गेल्या, पण आजही तमाशाचा विषय निघाला की पहिलं नाव त्यांचंच येतं. तमाशात सगळ्यांचे डोळे नाचणारीच्या पायांवर असतात आणि कान ढोलकीवर. ढोलकीचं उजवं तोंड कडक, चढं, ‘टण्’ बोलणारं. डावं तोंड घुमणारं, त्याच्या चामड्याला आतून लेप असतो. म्हणजे कणकेचाच भाऊबंद, फक्त कायम मुक्कामाला आलेला. वादक डाव्या तळहाताने चामडं दाबतो, सैल सोडतो आणि आवाज खालून वर ओढत नेतो. त्याला आपल्याकडे घुमारा म्हणतात. काय सुरेख शब्द आहे! इंग्रजीतला ‘बेस’ हा आवाज किती खाली आहे तेवढंच सांगतो. ‘घुमारा’ म्हटलं की तो कसा फिरतो, कुठे भरून राहतो, ते सगळं त्यात आलं.

आणि इथेच आपल्या पिढीचा प्रश्न सुरू होतो. ढोलकीचा डावा हात, डग्गा, पखवाजाचा ‘धूम’, संबळाचं जाड बोलणारं भांडं, या सगळ्यांचा मुख्य जोर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. फोनचा स्पीकर नखाएवढा. शेकड्यांच्या वरच्या आकड्यांत तो बरा बोलतो, १०० च्या खाली जवळजवळ मुका. गायकाचा आवाज तरीही ओळखू येतो, कारण खालचा मूळ स्वर गाळला तरी त्याचे वरचे पडसाद शिल्लक राहतात आणि त्यांच्यावरून मेंदू मूळ स्वराचा अंदाज बांधतो. ही मेंदूची मोठी करामत. पण डाव्या हाताचा तो छातीत बसणारा धक्का असा अंदाजाने भरून निघत नाही. त्यामुळे फोनवर लावणी ऐकणारा माणूस खरं तर अर्धी ढोलकी ऐकतो. उजवी.

ही गळती फोनपासून सुरू झाली असं मात्र समजू नका. ग्रामोफोन कंपनीने भारतात पहिलं ध्वनिमुद्रण केलं ते १९०२ साली, कलकत्त्यात. तेव्हा माइक नव्हता. कलाकाराने भोंग्यात तोंड घालून गायचं आणि त्या हवेच्या दाबाने सुई मेणावर रेघ ओढायची. खालच्या आवाजांना त्या भोंग्यात जागाच नव्हती. साथीचा तबला टकटक केल्यासारखा ऐकू येतो, डग्गा तर गायबच. १९२५ च्या सुमारास माइक आणि विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, तेव्हा कुठे खर्ज तबकडीत उतरायला लागला. त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी आज आपण वापरतो त्या पद्धतीचा स्पीकर मांडला. कागदाचा कोन, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी, मागे चुंबक. शंभर वर्षं झाली, मूळ कल्पना बदललेली नाही.

बदलली ती पेटी. खोल आवाजासाठी खूप हवा हलवावी लागते, म्हणून १९५० पर्यंत चांगला घुमारा हवा तर कपाटाएवढी पेटी लागायची. कोन मागे-पुढे होतो, त्याला जागेवर परत आणायला कडक कापडाची स्प्रिंग असायची आणि ती जोरात ओढली की आवाज फाटायचा. १९५४ मध्ये एडगर विल्चर या माणसाने उलटा विचार केला. कोन अगदी ढिला ठेवा, पेटी लहान करून हवाबंद करा आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम करू द्या. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकला, तो परत उसळतो ना, तसंच. हेन्री क्लॉस या जोडीदाराबरोबर त्याने काढलेल्या अकूस्टिक रिसर्च कंपनीचा एआर-१ हा स्पीकर पुस्तकाच्या फळीवर मावत होता आणि कपाटांच्या तोडीचा खोल वाजत होता. आज दुकानात ‘सील्ड’ सबवूफर म्हणून मिळतो, तो या पंपाचाच नातू.

पुढे क्लॉसने आणखी एक कंपनी काढली. तिथल्या भागीदारांपैकी हॉफमन यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो, आणि सबवूफर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने तो खिशात ठेवावा. पेटी लहान हवी, आवाज खोल हवा, थोड्या विजेत मोठा वाजायला हवा. तीनपैकी कुठलेही दोन मागा, तिसरं मिळणार नाही. आता आकड्यात सांगतो. तेवढ्याच विजेत, तेवढ्याच मोठ्याने, ४० हर्ट्झऐवजी २० हर्ट्झपर्यंत जायचं तर पेटी दुप्पट नाही, आठपट मोठी लागते. पेटी तीच ठेवली तर वीज आठपट. शिवाय एक सप्तक खाली उतरताना तेवढाच आवाज काढायला कोनाला चौपट लांब हेलकावा घ्यावा लागतो. आता पखवाजवाल्याचा पंजा आठवा. लहान खोड, जड चामडं, म्हणून जास्त जोर. हॉफमनच्या नियमात जी वीज आहे, ती मांडवात मनगट असते.

यानंतर १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी या सगळ्याचं गणित बसवलं. तोवर पेटी बांधणं हे बरंचसं कारागिराच्या कानावर असायचं, नंतर कागदावर आकडे मांडून पेटी बांधता यायला लागली. १९७४ मध्ये ‘अर्थक्वेक’ नावाच्या सिनेमासाठी अमेरिकेतल्या थिएटरांत प्रचंड मोठे स्पीकर लावून प्रेक्षकांच्या खुर्च्या हलवल्या गेल्या. घराघरात सबवूफर पोहोचायला त्या सिनेमाच्या हौसेचाच मोठा हात आहे. संगीताचा कमी, हे कबूल करायला हवं. आणि १९९६ मध्ये बॉब कार्व्हरने जेमतेम अकरा इंच बाजूचा एक ठोकळा बाजारात आणला. आत राक्षसी ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि लांब हेलकावे घेणारा जड कोन. वीज लागेल तेवढी घ्या, पेटी मात्र लहानच ठेवू, असा तो सौदा. आज आपण ज्याला कॉम्पॅक्ट सबवूफर म्हणतो त्या सगळ्यांच्या मागे हाच सौदा आहे. जिथे जिथे ‘छोटा पॅकेट बडा धमाका’ लिहिलेलं असेल, तिथे हॉफमन कुठेतरी वसुली करतोच. एक तर वीज खाऊन, नाही तर खोली कमी करून.

खोल आवाजाला एवढी जागा का लागते? कारण त्याची लाट लांब असते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ४० हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब, म्हणजे २८ फूट. तुमची खोली दहा फुटांची! या गोष्टीचं एक भव्य उदाहरण जुन्नर तालुक्यातच उभं आहे. खोडदला. तिथली जीएमआरटी दुर्बीण प्रकाश नाही, रेडिओलहरी टिपते, आणि त्यातल्याही लांबलचक, मीटरच्या मापातल्या. १५० मेगाहर्ट्झची रेडिओलाट दोन मीटर लांब असते. तिला पकडायला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारल्या. १४ खोडदच्या आसपास दाटीने, बाकीच्या तीन फांद्यांवर दूरवर पसरलेल्या. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वाऱ्यालाही पेलल्या नसत्या आणि खिशालाही. म्हणून गोविंद स्वरूप यांनी दोरांवर ताणलेल्या तारेच्या जाळीची रचना केली. लाट लांब असल्यामुळे तिला जाळीची छिद्रं जाणवतच नाहीत. २००१ मध्ये ही दुर्बीण देशाला अर्पण झाली. आणि हे तर मला भन्नाटच वाटतं, की २०२३ च्या जूनमध्ये विश्वात भरून राहिलेल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगातल्या वेगवेगळ्या गटांनी जाहीर केले, त्यात खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता. त्या लहरींचं एक कंपन पुरं व्हायला वर्षानुवर्षं लागतात. विश्वातला सर्वात खालचा घुमारा नारायणगावपासून हाकेच्या अंतरावर टिपला गेला. असो, सबवूफरकडे परत येतो.

लाट लांब आणि खोली लहान, मग होतं काय? लाट समोरच्या भिंतीवर आपटून परत येते आणि स्वतःलाच भेटते. खोलीच्या लांबीत बरोबर अर्धी लाट मावली की ती तिथे अडकून घुमत राहते. दहा फुटांच्या खोलीत हा आकडा साधारण ५६ हर्ट्झ. बारा फुटांचा ४७. आता ज्यांची खोली दहा बाय दहा आहे आणि छतही दहा फुटांवर, त्यांचं दुर्दैव बघा. लांबी, रुंदी, उंची तिघी मिळून एकाच ५६ वर बोंब मारतात. तो एक स्वर आला की खोली भरून जाते, शेजारचा स्वर आला की काहीच नाही. दुकानात झकास वाजलेला सबवूफर घरी आणल्यावर ‘हा तर नुसता बूम बूम करतो’ असं वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

याच्या अगदी उलट अनुभव घ्यायचा तर लेण्याद्रीला जा. गणपती आहे ते सातव्या क्रमांकाचं लेणं. मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. मधे एकही खांब नाही, सलग सभागृह, १७ मीटरहून जास्त लांब आणि १५ मीटरहून जास्त रुंद, भोवती वीस लहान खोल्या. उंची मात्र साडेतीन मीटरच्याही आत. तिथे लांबी-रुंदीत अडकणारे पहिले स्वर १० हर्ट्झच्या आसपास येतात, म्हणजे माणसाच्या कानाच्याही खाली. त्यामुळे आपल्याला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात येईपर्यंत घुमणाऱ्या स्वरांची एवढी दाटी होते की कुठलाच एकटा पुढे येत नाही. आरतीचा आवाज तिथे एकसंध, लांबलचक पसरतो. आता त्याच विहाराच्या कडेच्या एखाद्या लहान खोलीत उभं राहून खालच्या पट्टीत ‘ओम्’ म्हणा आणि स्वर हळूहळू वर-खाली सरकवा. एका ठरावीक ठिकाणी दगड तुमच्याबरोबर गायला लागतो. ती तुमची दहा बाय दहाची खोली.

भिंत कशाची, यानेही खूप फरक पडतो. जुन्नरच्या पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी-मातीच्या भिंती खालचा आवाज आत कोंडून ठेवतात. आरसीसीच्या बंद खोलीचंही तेच. पत्र्याच्या खोलीत उलट, बराचसा घुमारा पत्रा हलवण्यात खर्च होतो आणि बाहेर निघून जातो, त्यामुळे तो कोंडत नाही, पण पत्रा खडखडतो. वाड्याच्या माडीवर फळ्यांची जमीन असेल तर सबवूफरखाली शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्याखाली जाड रबर ठेवा, नाही तर खालच्या माणसाच्या डोक्यावर ताशा वाजतो. आणि भिंतीला गोधड्या टांगून घुमारा आवरता येईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गोधडीने वरचे आवाज मऊ होतात. ५० हर्ट्झच्या लाटेला गोधडी आहे की नाही, याचा पत्ताही लागत नाही.

आता निवड. नारायणगावच्या माझ्या एका मित्राच्या निमित्ताने सांगतो, कारण त्याच्या खोलीत आम्ही दोन रविवार घालवलेत. त्याचे आजोबा एका फडात ढोलकी वाजवायचे. घरात त्यांच्या दोन कॅसेट उरल्यात, जत्रेतल्या, कुणीतरी टेपरेकॉर्डर पुढे ठेवून भरलेल्या. मित्राने त्या फोनमध्ये उतरवून घेतल्या होत्या आणि वर्षानुवर्षं फोनवरच ऐकत होता. आजोबा वारले तेव्हा तो चार वर्षांचा, त्यामुळे प्रत्यक्ष ऐकल्याची आठवण नाही. त्याच्या आईचं म्हणणं, ‘यात बाबांचा हातच नाही.’ त्याला वाटायचं, आई भावनेच्या भरात बोलतेय.

खोली दहा बाय बारा, आरसीसी, एका बाजूला पलंग. मी त्याला आठ इंची, हवाबंद पेटीचा सबवूफर घ्यायला लावला. दहा इंचीही चालला असता, बारा इंची नको. हवाबंदच का? भोक असलेली, म्हणजे पोर्टेड पेटी तेवढ्याच विजेत जास्त आवाज देते, पण ठरावीक स्वराखाली धपकन कोसळते. हवाबंद पेटीचा आवाज उताराने हळूहळू उतरतो. आणि लहान खोलीची गंमत अशी, की तिच्या सर्वात खालच्या अडकणाऱ्या स्वराच्याही खाली गेलं की लाट मावतच नाही, सगळ्या खोलीतल्या हवेचा दाबच एकत्र वर-खाली होतो आणि आवाजाला फुकटची मदत मिळते. ती मदत आणि हवाबंद पेटीचा उतार एकमेकांना बऱ्यापैकी भरून काढतात. दारं-खिडक्या जितक्या घट्ट तितकं जास्त. मोठ्या दिवाणखान्यात न मिळणारी ही लहान खोलीची कमाई आहे, ती कशाला घालवायची?

दुकानात आम्हाला ‘पीएमपीओ’चे हजारो वॅट दाखवले गेले. नव्वदच्या दशकातल्या टेपरेकॉर्डरवरचं ते स्टिकर अजून मेलेलं नाही. त्या आकड्याला काही अर्थ नाही, आरएमएस विचारा. आणि तिथेही घाबरू नका. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा पेटी उचलून बघा, जड आहे का. मागे आवाजाचं, क्रॉसओव्हरचं आणि फेजचं अशी तीन बटणं वेगवेगळी आहेत का, ते बघा. ‘२० हर्ट्झपर्यंत’ असं लिहिलं असेल तर किती डेसिबल कमी होऊन २० पर्यंत, ते विचारा. दुकानदार गोंधळला तर उत्तर मिळालं समजा.

घरी आणल्यावर मित्राने तो हौसेने कोपऱ्यात ठेवला. कोपऱ्यात सगळेच अडकणारे स्वर जागे होतात, तसे झालेच. मग आम्ही जुना उपाय केला. सबवूफर उचलून पलंगावर, तो जिथे बसून ऐकतो तिथे ठेवला. एक ढोलकीचा तुकडा लावला आणि दोघंही भिंतीकडेने रांगायला लागलो. हो, खरंच रांगत. जिथे डाव्या हाताचे सगळे ठोके सारखे ऐकू येतील ती सबवूफरची जागा. त्याची आई दारात उभी राहून हसत होती. जागा सापडली ती लांब भिंतीच्या जवळपास मध्यावर. त्यामागे गणित आहे. मध्यावर ठेवलं की त्या भिंतीच्या दिशेने अडकणारा पहिला स्वर उचललाच जात नाही. टॉड वेल्टी या अभियंत्याने २००२ मध्ये असंख्य जागा तपासून दाखवलं, की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर खोली चांगली सावरतात. म्हणजे पुढेमागे पैसे जमले तर मोठा घेण्याऐवजी तसाच दुसरा लहान घ्या. क्रॉसओव्हर ८० वर, म्हणजे त्याखालचं सबवूफर वाजवेल, वरचं छोटे स्पीकर. फेजचं बटण इकडून तिकडे फिरवून, ठोका जिथे भरीव लागेल तिथे सोडलं. एक बारीक ‘हूं’ येत होता, तो ५० हर्ट्झच्या विजेचा. घराला अर्थिंग धड नव्हतं. वायरमन बोलावून ते करून घेतलं. सबवूफर नसता तर ते कळलंही नसतं.

मग कॅसेट लावली. घरघर होतीच, माणसांच्या शिट्ट्या होत्या. पण दुसऱ्या मिनिटाला, गवळणीच्या आधीच्या तुकड्यात, खालून तो ओढलेला घुमारा आला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा सम चुकवून मुद्दाम उशिरा. त्याची आई आत पोळ्या करत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘हा. हा बाबांचा.’ एवढंच. मग परत आत गेली, तव्यावर पोळी होती.

आता एक कमी गोड गोष्ट. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. घरातल्या साउंड सिस्टिमचा आवाज तुमच्या हद्दीच्या कडेला या मर्यादेच्या ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. पण हे डेसिबल ‘ए’ पद्धतीने मोजतात. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं की हळू वाजवल्यावर माणसाला खालचे आवाज फार कमी ऐकू येतात. त्या अभ्यासातून आलेलं हे मोजमाप ५० हर्ट्झच्या आवाजातले ३० डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतं. म्हणजे शेजारच्या घरात तुमचा ५० हर्ट्झचा ठोका ७५ डेसिबलने पोहोचत असेल, तर मीटरवर फक्त ४५ दिसेल. मीटरच्या दृष्टीने तुम्ही रात्री बारालाही नियमात! मिरवणुकीतल्या डीजेपुढे ज्यांच्या छातीत धडधडलंय आणि ‘मीटरवर तर एवढंच दिसतंय’ हे ऐकलंय, त्यांना आता कळलं असेल की गोम कुठे आहे. शिवाय भिंतीतून वरचे आवाज अडतात, खालचे आरपार जातात. शब्द तुमच्याकडे राहतात आणि ढोल शेजारी जातो.

म्हणून मीटरचं अ‍ॅप डाउनलोड करून शेजाऱ्यांशी वाद घालू नका. मित्राच्या घराला लागून एक काकू राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर स्टीलची मांडणी आहे, वाट्या आणि ताटल्या ओळीने उभ्या केलेल्या. दुसऱ्या रविवारी मी त्या मांडणीसमोर उभा राहिलो, मित्र पलीकडे आवाज वाढवत गेला. एका ठिकाणी तिसऱ्या ओळीतली ताटली किणकिणली. मी भिंतीवर थाप मारली. त्याने तिथून दोन खुणा खाली आणून बटणाच्या बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. काकूंनी चहा दिला आणि विचारलं, ‘त्या कॅसेटीत विठाबाई आहे का रे?’ नव्हती.